ऑफिसच्या स्लॅकमध्ये स्वतःचा चॅटबॉट: प्रश्नांच्या तक्त्यापासून रोजच्या वापरापर्यंत

पालखीच्या आठवड्यात पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसचा सर्वांसाठीचा चॅनेल उघडून बघा. ‘उद्या हिंजवडीची बस कुठून सुटणार?’, ‘रस्ते बंद आहेत, घरून काम चालेल का?’, ‘विसर्जनाची सुट्टी आहे ना यंदा?’ प्रश्न तेच, विचारणारे निराळे, आणि उत्तर देणारी व्यक्ती एकच. तिचा अर्धा दिवस त्यात जातो. हा भार बॉटवर, म्हणजे चॅटमध्ये आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमवर, टाकता येतो. त्यासाठी मोठी टीम लागत नाही, पायथॉन थोडंफार जमणारा एक सहकारी आणि नियम माहीत असलेला एक माणूस पुरतो.

मी इथे स्लॅक (ऑफिसातल्या संदेशांसाठीचं ॲप) धरून चाललो आहे, कारण त्याची बॉटची व्यवस्था स्वच्छ आहे आणि आपल्याकडच्या छोट्या-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्यांत ते सर्रास वापरलं जातं. मायक्रोसॉफ्ट टीम्स किंवा गूगल चॅट असेल तर बटणं बदलतील, पण विचार हाच राहील. संभाषण बाहेरच्या सर्व्हरवर नकोच असेल, तर मॅटरमोस्ट स्वतःच्या मशीनवर बसवता येतं आणि त्यातही बॉटची सोय आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोडचं काम एका दुपारचं आहे. बॉट चांगला की वाईट हे ठरतं ते त्याच्या मागच्या उत्तरांच्या तक्त्यावर, आणि त्याला किती कमी अधिकार दिले आहेत त्यावर. म्हणून सुरुवात तक्त्यापासून.

आधी प्रश्न गोळा करा

चॅनेलमधले मागचे दोन-तीन महिन्यांचे संदेश वाचून काढा. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत, तेव्हा तिथे तेवढ्यावरच भागवावं लागेल. वाचताना तीन कसोट्या लावा: प्रश्न वारंवार येतो का, उत्तर सगळ्यांना सारखं आहे का, आणि ते उत्तर कोणाच्या अखत्यारीतलं आहे हे सांगता येतं का. तिन्हींना ‘हो’ असेल तरच प्रश्न तक्त्यात घ्या. ‘माझी किती रजा शिल्लक आहे?’ हा प्रश्न मोहात पाडतो, पण पहिल्या बॉटसाठी तो सोडून द्या. त्याचं उत्तर माणसागणिक बदलतं, आणि त्यासाठी बॉटला रजेच्या नोंदी उघडून द्याव्या लागतात.

तक्ता साध्या स्प्रेडशीटमध्ये करा. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी असू द्या: विषय, लोक तो प्रश्न कसकसा विचारतात त्याचे चार-पाच नमुने, उत्तर, ते कोणाच्या जबाबदारीचं, आणि कधीपर्यंत खरं. शेवटचा रकाना बहुतेक जण टाळतात, आणि तिथेच बॉट बदनाम होतो. पालखी आणि विसर्जन दरवर्षी वेगळ्या तारखांना येतात. गेल्या वर्षीचं उत्तर बॉटनं ठामपणे सांगितलं, की लोक त्याला पुन्हा विचारत नाहीत. मुदत उलटलेलं उत्तर बॉटनं द्यायचंच नाही, संबंधित माणसाचं नाव सांगायचं, असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

एका प्रश्नाला दोन खरी उत्तरं असतात, तेही इथेच पकडा. कंपनीचा कारखाना भोसरी एमआयडीसीत आणि ऑफिस बाणेरला असेल, तर कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि ऑफिसची शनिवार-रविवारी असू शकते. ‘उद्या सुट्टी आहे का?’ याला बॉटनं अंदाजानं उत्तर देऊ नये, आधी ‘भोसरी की बाणेर?’ असं विचारावं. तक्त्यात दोन ओळी करा आणि त्या दोघींना एकच विषय द्या, म्हणजे कोडला इथे विचारायचं आहे हे कळेल.

वीस-पंचवीस प्रश्न पुरेत. शंभर ओळींचा तक्ता पहिल्या महिन्यानंतर कोणी सांभाळत नाही.

ॲप तयार करणं

कंपनीच्या चालू वर्कस्पेसवर (स्लॅकमधल्या कंपनीच्या जागेवर) प्रयोग करू नका. चाचणीसाठी एक वेगळी फुकट वर्कस्पेस उघडा, त्यात दोघा-तिघांना घ्या. कंपनीची वर्कस्पेस फुकट योजनेवर असेल तर तिथे एकूण १० ॲप्सचीच मर्यादा असते. कॅलेंडर, ड्राइव्ह वगैरे आधीच जोडलेलं असेल तर जागा आहे का ते ॲडमिनला विचारून ठेवा.

आता स्लॅकच्या एपीआय (प्रोग्रॅमरांसाठीच्या) संकेतस्थळावर ‘युवर ॲप्स’ हे पान उघडा, ‘क्रिएट न्यू ॲप’ दाबा आणि ‘फ्रॉम स्क्रॅच’ निवडा. दुसरा पर्याय मॅनिफेस्टचा असतो, ज्यात सगळी मांडणी एका मजकुरातून भरता येते. चाचणीतला बॉट खऱ्या वर्कस्पेसमध्ये नेताना तो फार उपयोगी पडतो, पण पहिल्यांदा हातानं करा, म्हणजे काय कशासाठी आहे ते समजतं. नाव असं द्या की तो बॉट आहे हे लगेच कळेल. माणसासारखं नाव आणि माणसाचा फोटो लावणं मला पटत नाही. समोर यंत्र आहे हे विचारणाऱ्याला माहीत असायला हवं.

परवानग्या: तीनच पुरेत

डावीकडच्या यादीत ‘ओऑथ अँड परमिशन्स’ उघडा आणि ‘बॉट टोकन स्कोप्स’पर्यंत खाली या. इथली यादी लांबलचक आहे. आपल्याला लागतात फक्त तीन. ‘ॲप_मेन्शन्स:रीड’ म्हणजे कोणी बॉटचा उल्लेख करून विचारलं तर तेवढा संदेश त्याला मिळतो. ‘चॅट:राइट’ म्हणजे त्याला उत्तर लिहिता येतं. ‘आयएम:हिस्टरी’ म्हणजे कोणी त्याला खासगीत विचारलं तर ते वाचता येतं.

‘चॅनेल्स:हिस्टरी’ देण्याचा मोह होईल, कारण मग उल्लेख न करताही बॉट प्रश्न ओळखून उत्तर देऊ शकेल. देऊ नका. ती परवानगी दिली की बॉट ज्या ज्या सार्वजनिक चॅनेलमध्ये असेल तिथलं सगळं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतं. सुट्ट्यांची माहिती सांगण्यासाठी सहकाऱ्यांचं सगळं संभाषण वाचायची गरज नाही, आणि हे कळल्यावर लोक चॅनेलमध्ये मोकळेपणानं बोलायचे थांबतात.

परवानग्या ठरल्या की त्याच पानावरून ‘इन्स्टॉल टु वर्कस्पेस’ करा. पुढे कधीही परवानगी वाढवली किंवा कमी केली तर ॲप पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. बदल करूनही काही होत नाही, असं वाटतं तेव्हा बहुधा हेच राहून गेलेलं असतं.

टोकन आणि जोडणी

इन्स्टॉल झाल्यावर ‘एक्सओएक्सबी’नं सुरू होणारं बॉट टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, मिळतं. ते ज्याच्या हाती आहे तो बॉटच्या नावानं बोलू शकतो. ते कोडमध्ये लिहू नका, गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकू नका, आणि ‘जरा बघतोस का’ म्हणून कोणाला व्हॉट्सॲपवरही पाठवू नका. मशीनच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर मशीनवर ठेवलेल्या सेटिंगमध्ये) ठेवा आणि कोडनं तिथून वाचावं. चुकून बाहेर गेलंच तर स्लॅकच्या पानावरून ते लगेच रद्द करून नवं घ्या. नुसता गिटमधला मजकूर पुसून भागत नाही, जुन्या नोंदीत तो राहतोच.

यानंतर स्लॅक आणि तुमचा प्रोग्रॅम एकमेकांशी कसे बोलणार ते ठरवायचं. एक मार्ग वेब पत्त्याचा: तुमचा प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडा असतो आणि स्लॅक प्रत्येक संदेश तिकडे पाठवतं. तिथे संदेश खरंच स्लॅककडून आला आहे ना, हे ‘सायनिंग सीक्रेट’नं तपासावं लागतं, आणि पाच मिनिटांहून जुनी विनंती नाकारावी लागते. दुसरा मार्ग सॉकेट मोडचा: तुमचा प्रोग्रॅमच स्लॅकशी वेबसॉकेटची (दोन्हीकडून संदेश जाणारी) जोडणी उघडून ठेवतो, बाहेरून आत यायला दार लागत नाही. ऑफिसच्या फायरवॉलच्या मागच्या बॉटसाठी सॉकेट मोडच घ्या. सॉकेट मोडमधलं ॲप स्लॅकच्या सार्वजनिक बाजारात ठेवता येत नाही, पण आपला बॉट घरचाच आहे.

‘सॉकेट मोड’ चालू करताना आणखी एक टोकन तयार होतं, ‘एक्सॲप’नं सुरू होणारं, ‘कनेक्शन्स:राइट’ परवानगीचं. दोन टोकन, दोन कामं: एक जोडणीसाठी, दुसरं बोलण्यासाठी. त्यांची अदलाबदल झाली तर बॉट सुरूच होत नाही.

मग ‘इव्हेंट सबस्क्रिप्शन्स’ (कुठल्या घटना, म्हणजे इव्हेंट, बॉटला कळवायच्या ते इथे ठरतं) चालू करा आणि ‘सबस्क्राइब टु बॉट इव्हेंट्स’मध्ये दोन इव्हेंट जोडा: ‘ॲप_मेन्शन’ आणि ‘मेसेज.आयएम’. शेवटी ‘ॲप होम’मध्ये जाऊन मेसेजेस टॅब चालू करा आणि त्याखालचा, लोकांना संदेश पाठवू देणारा चौकोन टिक करा. तो राहिला तर बॉटला खासगीत लिहायला गेलेल्या माणसाला या ॲपला संदेश पाठवणं बंद आहे, अशी पाटी दिसते.

कोडनं काय करायचं

स्लॅकची स्वतःची ‘बोल्ट’ नावाची चौकट आहे, ती जावास्क्रिप्ट, पायथॉन आणि जावामध्ये मिळते. पायथॉनमध्ये ‘स्लॅक_बोल्ट’ पॅकेज बसवा आणि तिच्या मार्गदर्शिकेतला सॉकेट मोडचा नमुना जसाच्या तसा चालवून बघा. बॉटला ‘नमस्कार’ म्हटल्यावर काहीतरी उत्तर आलं, की जोडणी झाली. आता त्यात आपली भर घालायची.

आलेल्या संदेशात बॉटचा उल्लेख त्याच्या सांकेतिक क्रमांकाच्या रूपात येतो. तो आधी काढून टाका, नाहीतर तो क्रमांकही प्रश्नाचाच भाग समजला जाईल. संदेश दुसऱ्या बॉटचा किंवा स्वतःचाच असेल तर तिथेच थांबा. हे केलं नाही तर दोन बॉट एकमेकांना उत्तरं देत रात्रभर बोलत बसतात. उरलेल्या मजकुरावरून तक्त्यातली ओळ शोधा, मुदत तपासा, आणि उत्तर त्याच संदेशाच्या थ्रेडमध्ये (त्याखालच्या उपसंवादात) द्या. मुख्य चॅनेलमध्ये उत्तर टाकणारा बॉट लोक दोन दिवसांत म्यूट करतात.

वेळेचं गणित नीट समजून घ्या. स्लॅक संदेश पाठवल्यावर ३ सेकंदांत पोच मागतं. मिळाली नाही तर तोच संदेश पुन्हा पाठवतं: जवळपास लगेच, मग मिनिटानं, मग पाच मिनिटांनी. तुमचा कोड उत्तर शोधायला आठ सेकंद घेत असेल आणि पोच त्यानंतर देत असेल, तर विचारणाऱ्याला एकाच प्रश्नाची तीन-चार उत्तरं येतात. म्हणून पोच आधी, काम नंतर. बोल्ट इव्हेंटची पोच स्वतःच देतं, पण पुढे स्लॅश कमांड (तिरप्या रेघेनं सुरू होणारी आज्ञा) किंवा बटणं जोडलीत तर ती तुम्हाला सांगून द्यावी लागते. शिवाय प्रत्येक इव्हेंटला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. आधी पाहिलेला क्रमांक पुन्हा आला तर सोडून द्या.

आपण लिहिलेलं मराठी त्याला कळेल का

परभाषेतल्या मार्गदर्शिका या टप्प्यावर काहीच मदत करत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबतो.

ऑफिसात लोक मराठी तीन प्रकारे लिहितात: देवनागरीत, रोमन लिपीत, आणि दोन्हींची सरमिसळ करून मध्ये इंग्रजी शब्द पेरत. रोमन लिपीत ‘सुट्टी’ लिहिताना कोणी टी एकदा लिहितो, कोणी दोनदा, कोणी पुढे एच जोडतो. देवनागरीतही ‘सुटी’ आणि ‘सुट्टी’ दोन्ही चालतात. म्हणून तक्त्यातला नमुन्यांचा रकाना टेबलाशी बसून कल्पनेनं भरू नका. चॅनेलमधून लोकांची वाक्यं त्यांच्या स्पेलिंगसकट उचला. जुळणीही शब्दाला शब्द अशी न करता साधर्म्यावर करा. पायथॉनमध्ये अशी अंदाजी जुळणी करणारी तयार पॅकेजेस आहेत. जुळणी कच्ची वाटली तर बॉटनं ‘तुम्हाला यातलं काय विचारायचं आहे?’ म्हणून दोन-तीन विषयांची बटणं दाखवावीत.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘कर्मचाऱ्यांची’ हा शब्द कार्यालयीन मजकुरात पावलोपावली येतो, आणि त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलन्त ठेवतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडवर्ण. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलना केली तर जुळत नाहीत. युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना संकेत देणारं मानक; त्याचं नेहमीचं सामान्यीकरणही (सारख्या अक्षरांना एकच रूप देणं) हे दोन एक करत नाही. तेव्हा तुलनेआधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारी एक ओळ स्वतः लिहा. तीच ओळ तक्त्यावर चालवा आणि आलेल्या प्रश्नावरही. अंकांचंही असंच करा: ‘१५ ऑगस्ट’ कोणी देवनागरी अंकांत लिहील, कोणी इंग्रजी, दोन्ही एका रूपात आणा.

जुन्या कंपन्यांत तिसरी गाठ पडते. परिपत्रकं युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत वर्षानुवर्षं केलेलं काम अजून कित्येक कपाटांत आणि फोल्डरांत आहे. त्यातला जुन्या फाँटचा मजकूर उचलून तक्त्यात चिकटवला तर निरर्थक चिन्हं उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून, एकदा डोळ्यांखालून घालून मगच वापरा. जोडाक्षरं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भाषा मॉडेल जोडायचं का

वीस-पंचवीस प्रश्नांसाठी भाषा मॉडेलची (चॅटजीपीटीमागे असते तशा प्रणालीची) गरज नाही. पण लोक लांबलचक, सरमिसळ भाषेत विचारत असतील तर मॉडेलला प्रश्न ओळखायला लावणं सोयीचं पडतं. माझा सल्ला असा की त्याला फक्त ओळखायला लावा: आलेला प्रश्न आणि तक्त्यातले विषय त्याच्यापुढे ठेवा आणि यातला कुठला, की कुठलाच नाही, एवढंच विचारा. उत्तर मात्र तक्त्यातलं, शब्द न बदलता द्या. सुट्टीच्या नियमात ‘सहसा’ या एका शब्दानं अर्थ बदलतो, आणि मॉडेल असे शब्द सहज घालतं किंवा गाळतं.

मॉडेलनं लिहिलेला मजकूर थेट दाखवायचाच असेल तर एक बारीक गोष्ट: ठळक अक्षरांसाठी मॉडेल दोन तारका लावतं, स्लॅकला एकच लागते. बदललं नाही तर उत्तरात तारकाच तारका दिसतात.

लोक बॉटला काय काय लिहितील याचाही विचार करून ठेवा. कोणी आजारपणाबद्दल लिहील, कोणी पगाराबद्दल. तो मजकूर बाहेरच्या मॉडेलकडे जाणार असेल, तर ते बॉटच्या पहिल्याच संदेशात सांगा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आहे, आणि माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या कंपनीनंही हा विषय एकदा आपल्या सल्लागारासमोर ठेवावा. दंडाहूनही मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सहकाऱ्यानं विश्वासानं लिहिलेलं त्याच्या नकळत बाहेर जाऊ नये. प्रश्नांची नोंद ठेवताना नाव न ठेवता फक्त प्रश्न ठेवला तरी सुधारणेचं काम भागतं.

बॉट राहणार कुठे

लॅपटॉपवर चालणारा बॉट लॅपटॉप मिटला की झोपतो. ऑफिसातल्या एखाद्या जुन्या मशीनवर तो ठेवता येतो, पण पुण्यात देखभालीसाठी वीज बंद राहते ती गुरुवारी, तेव्हा यूपीएसचा भरवसा बघून घ्या. भाड्याचं छोटं क्लाउड मशीन बरं पडतं. डेटा देशातच ठेवायचा असेल तर ॲमेझॉन आणि गूगल दोघांचीही मुंबईत केंद्रं आहेत, आणि मायक्रोसॉफ्ट अझूरचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र तर २०१५ पासून पुण्यातच आहे. या कामाला सगळ्यात लहान मशीनही पुरतं. लिनक्सवर सिस्टमडीची (प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालू ठेवणाऱ्या यंत्रणेची) सेवा म्हणून बॉट बसवा, म्हणजे मशीन पुन्हा सुरू झालं किंवा प्रोग्रॅम कोसळला तरी तो आपोआप उठेल.

सर्व्हरवर बॉट गेला की लॅपटॉपवरचा बंद करा. सॉकेट मोडमध्ये एका ॲपच्या १० जोडण्या एकाच वेळी चालू राहू शकतात, आणि स्लॅक प्रत्येक संदेश त्यांतल्या कुठल्याही एकीकडे पाठवतं. म्हणजे अर्ध्या प्रश्नांना नवीन कोड उत्तर देतो, अर्ध्यांना जुना. हे कोडं सोडवण्यात तासन्‌तास जातात, कारण प्रत्येक वेळी चूक वेगळ्या ठिकाणी दिसते.

बॉट गप्पच असेल तर आधी चॅनेलमध्ये त्याला ‘इन्व्हाइट’ केलं आहे का बघा, मग परवानगी बदलल्यावर ॲप पुन्हा इन्स्टॉल झालं का, मग इव्हेंट जोडून ‘सेव्ह’ केले का. कोडला हात लावायची पाळी त्यानंतर येते.

ऑफिसात आणताना

पहिल्या आठवड्यात एकाच टीमला द्या, आणि त्या टीममध्ये बॉटवर विश्वास नसलेलं एक माणूस मुद्दाम घ्या. तेच सगळ्यात नेमके प्रश्न विचारतं. चॅनेलमध्ये एक संदेश पिन करून ठेवा: बॉट काय सांगू शकतो, काय वाचत नाही, आणि त्याच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर कोणाला गाठायचं.

‘मला माहीत नाही’ या उत्तरावर खरी मेहनत घ्या. नुसतं ‘क्षमस्व, समजलं नाही’ नको. ‘याचं उत्तर माझ्याकडे नाही. रजेबद्दल असेल तर एचआरच्या चॅनेलमध्ये विचारा, बसबद्दल असेल तर ॲडमिनकडे’ असं पुढची वाट दाखवणारं उत्तर द्या. ज्यांनी वर्षानुवर्षं हे प्रश्न झेलले, त्यांना तक्त्याची मालकी द्या, आणि तक्ता त्यांना स्वतः बदलता येईल असा ठेवा. दर वेळी प्रोग्रॅमरकडे जावं लागलं तर बदल होत नाहीत. बॉटला न जमलेले प्रश्न सोमवारी एकदा वाचायचे, दोनदा आलेला प्रश्न तक्त्यात घ्यायचा, महिनाभर कोणीच न विचारलेला असेल आणि हंगामी नसेल, तर काढायचा. या कामासाठी अर्धा तास कोणाच्या तरी वेळापत्रकात लिहून ठेवा, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा कोण बघणार, तेही.